पाचटाचा बांध : मॉरिशसच्या एका लगूनची गोष्ट

मॉरिशसचं पॅकेज कुणी घेतलं की त्यात एक दिवस हमखास असतो : सकाळी काचेच्या तळाची बोट, मग मास्क आणि नळी लावून तासभर स्नॉर्कलिंग, दुपारी जेवण, संध्याकाळी इन्स्टावर फोटो. बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात ब्लू बे नावाची जागा आहे, तिथे बऱ्याचदा हा दिवस जातो. खाली पोपटमासा दगडावरचं शेवाळ कुरतडत असतो, त्याचा कर्रकर्र आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो. पट्टेवाले छोटे मासे तुमच्या मास्कशी येऊन बघून जातात. आपला 'निमो' ज्या कुळातला, त्या कुळातला एक मासा इथे आहे, तो जगात जवळजवळ फक्त मॉरिशसच्याच पाण्यात सापडतो. आणि एक मेंदूसारखं दिसणारं प्रचंड पोवळं आहे, त्याचं वय हजार वर्षांच्या आसपास सांगतात. म्हणजे आपल्याकडे यादवांचं राज्य यायचं होतं तेव्हापासून ते तिथे बसलेलं आहे.

हे सगळं बघताना डोक्यात एकच शब्द येतो : अनटच्ड. माणसाचा हात न लागलेलं. ब्रोशरमध्येही तसंच लिहिलेलं असतं.

आजचा भाग त्या शब्दाविरुद्ध आहे. कारण इतक्या माणसांनी हात लावलेला, ओरबाडलेला आणि पुन्हा हातांनीच धरून ठेवलेला दुसरा किनारा शोधायला कष्ट पडतील. ब्लू बे, त्याच्या वरचा प्वांत देनीचा किनारा, माहेबूर गाव आणि ग्रां पोरचा उपसागर ही सगळी एकाच पट्ट्यातली नावं आहेत. मॉरिशसचा अर्धा इतिहास या पट्ट्यातच घडला.

आधी लगून म्हणजे काय ते सांगते. बेटाभोवती थोड्या अंतरावर प्रवाळाची भिंत असते. बाहेरची मोठी लाट त्या भिंतीवर फुटते आणि आतलं पाणी तलावासारखं शांत राहतं. या आतल्या पाण्याला लगून म्हणतात. पोहायला, मासे धरायला, नांगर टाकायला उत्तम जागा. आणि नेमकी म्हणूनच माणसं इथे उतरली.

१५९८ साली डच जहाजं ग्रां पोरच्या उपसागरात शिरली. अरब खलाशांना हे बेट आधीपासून माहीत होतं, पोर्तुगीजही येऊन गेले होते, पण वस्ती कुणीच केली नव्हती. डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. समोर किर्र जंगल, माणसाला न घाबरणारे पक्षी, आणि अजस्र कासवं. त्या पक्ष्यांत एक होता डोडो. उडता न येणारा, टर्कीपेक्षा मोठा, आणि कुळाने चक्क कबूतर.

डोडो खलाशांनी मारून खाल्ले म्हणून संपले, असं आपण शाळेत ऐकतो. खाल्ले हे खरं, पण डचांची वस्ती कधीच काही शे माणसांच्या पुढे गेली नाही. एवढ्या मोठ्या बेटावरचा पक्षी तेवढ्यांनी खाऊन संपला हे पटायला अवघड आहे. खरा घात केला तो जहाजातून उतरलेल्या इतर प्रवाशांनी : उंदीर, डुकरं, माकडं. डोडोचं अंडं जमिनीवर, घरट्यात एकटं. उंदराला अजून काय हवं? १६६२ नंतर डोडो दिसल्याची सगळ्यांना मान्य असलेली नोंद नाही.

डचांनी अजून एक गोष्ट आणली, जावाहून, १६३९ साली : ऊस. हा ऊस लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

१७१० मध्ये डच कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी बेटाचं नाव बदलून इल द फ्रान्स केलं. फ्रेंच काळात बेटावरची मूळची मोठी कासवं संपली. जहाजात महिनोनमहिने पाण्याशिवाय जिवंत राहणारं ताजं मांस, असा त्यांचा उपयोग होता. ऐकायला वाईट वाटतं, पण त्या काळच्या खलाशाला ते फ्रिजसारखं होतं.

१८१० च्या ऑगस्टमध्ये याच लगूनच्या तोंडाशी फ्रेंच आणि इंग्रज आरमारं भिडली. इंग्रजांची जहाजं प्रवाळात रुतली, आणि फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफवर नेपोलियनच्या काळातला हा एकमेव सागरी विजय कोरलेला आहे. मजा अशी की त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी दुसऱ्या बाजूने उतरून अख्खं बेट घेतलं. कमानीवर ते नाही.

इंग्रज आले आणि ऊस सुसाट वाढला. उसाला माणसं लागतात. फ्रेंचांच्या काळात आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबत होते. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, पण मळेवाल्यांनी त्याच्या आधीच दुसरी सोय बघून ठेवली होती. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट, आज जागतिक वारसा स्थळ. बहुतेक लोक कलकत्त्याहून आणि मद्रासहून आले, पण मुंबई बंदरातूनही जहाजं भरून गेली. त्यात कोकणातले, घाटावरचे मराठी लोक होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते आणि विसर्जन अर्थातच समुद्रात होतं.

जंगल तोडून ऊस लावला गेला, डोंगराच्या पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंत. आज मॉरिशसमध्ये मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांहून कमी उरलंय. आणि जंगल गेलं की माती वाहते. पावसात शेतातली माती, खत, सगळं नदीतून लगूनमध्ये. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि ऊन लागतं. गाळ बसला की ते गुदमरतं. म्हणजे उसाचं शेत आणि पाण्याखालचं पोवळं यांचा संबंध थेट आहे, जरी टूर गाइड दोन्ही वेगवेगळ्या दिवशी दाखवत असला तरी.

आता एक तुकडा सांगते, तो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात जिवंत वाटतो.

ब्लू बेपासून काही किलोमीटरवर एक दलदल आहे, मार ओ सोंज. सोंज म्हणजे तिथल्या क्रिओल भाषेत अळू. अळवाचं तळं! तुमचं विमान मॉरिशसला उतरतं ते या तळ्याच्या जवळच. १८६५ साली इथे मजूर चिखल खणत असताना हाडं सापडायला लागली. माहेबूरमध्ये जॉर्ज क्लार्क नावाचा शाळामास्तर होता, तो वर्षानुवर्षं डोडोची हाडं शोधत होता आणि हाताला काही लागत नव्हतं. तो धावत आला. पण तळ्यात मधोमध कंबरेपर्यंत पाणी, खाली चिखल, दिसणार काय? मग त्याने मजुरांना आत उतरवलं. अनवाणी. त्यांनी पायाच्या तळव्यांनी चिखल चाचपला, आणि पायाला लागलेलं एकेक हाड वर काढलं. लंडनच्या संग्रहालयापासून कितीतरी ठिकाणी जे डोडोचे सांगाडे बघायला मिळतात, त्यांच्यासाठीची हाडं या तळ्याने पुरवली.

डोडो संपून तेव्हा दोनशे वर्षं झाली होती, आणि तो खरंच होता का, असं विचारणारेही होते. त्याला पुन्हा जगासमोर आणलं ते उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या कष्टकऱ्यांच्या तळपायांनी. क्लार्कचं नाव इतिहासात आलं. पायांची नावं आली नाहीत.

आता थोडं पुढे. विसाव्या शतकात समुद्राचा अर्थच बदलला. १९३३ मध्ये लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदलातल्या माणसाने पायात घालायच्या रबरी पंखांचं पेटंट घेतलं. मग मास्क, नळी, आणि युद्धानंतर हे सगळं स्वस्तात मिळू लागलं. शेकडो वर्षं लगून म्हणजे मासे आणि नांगर. आता त्यात फक्त बघायला उतरणारी माणसं आली. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा पर्यटक वर्षाला काही हजार असायचे. २०१८ मध्ये ते १४ लाखांच्या जवळ पोचले. देशाची लोकसंख्याच तेरा लाखांच्या आत आहे!

हॉटेलं बांधायला वाळू लागते. आणि गंमत बघा, ती वाळू लगूनमधूनच उपसत होते. प्रवाळाची पांढरी वाळू काढायची, तिचं काँक्रीट करायचं, आणि त्या काँक्रीटच्या हॉटेलातून पाहुण्यांना प्रवाळ दाखवायचं. हा उपसा २००१ मध्ये बंद झाला. वाळू काढणाऱ्यांचा रोजगार गेला, ती बाजूही खरी आहे. ब्लू बेला १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षण मिळालं, २००० मध्ये सागरी उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २००८ मध्ये ते रामसर यादीत गेलं. क्षेत्रफळ ३५३ हेक्टर. बोटींनी नांगर प्रवाळावर फेकू नये म्हणून कायमचे तरंगते बोये बसवले. तुम्ही ज्या बोटीतून उतरता ती अशा बोयाला बांधलेली असते. मासेमारीवर बंधनं आली. स्थानिक कोळ्यांनी जागा सोडली आणि तिथे पाहुणे आले, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा, हे कोळ्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

ब्लू बेच्या जरा वर, किनाऱ्यापासून जेमतेम पाऊण-एक किलोमीटरवर एक छोटं बेट आहे : इल ओ एग्रेत, बगळ्यांचं बेट. २६ हेक्टर फक्त. स्नॉर्कलिंगच्या पॅकेजवाले ते टाळतात, कारण तिथे बीच पार्टी होत नाही. माझं मत विचाराल तर एक दिवस कमी पोहा, पण हे बेट बघा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे तोफा बसवल्या होत्या, लोक लाकूड तोडून न्यायचे, बकऱ्या चरायच्या. १९६५ मध्ये ते राखीव झालं, आणि १९८० च्या दशकापासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने ते हातात घेतलं. पहिलं काम कुठलं? उंदीर काढणं. डोडोच्या वेळी जे व्हायला हवं होतं ते तीनशे वर्षांनी. मग बाहेरचं तण हाताने उपटणं, वर्षानुवर्षं. मग मूळची झाडं लावणं. त्यात एबनी आहे, काळं जड लाकूड देणारं झाड. आपल्या तेंदूचं, टेंभुर्णीचं ते जवळचं नातेवाईक.

या एबनीची फळं गिळून बिया लांब नेऊन टाकणारी कासवं तर फ्रेंच काळातच संपली होती. फळं झाडाखालीच पडून राहायची. मग शास्त्रज्ञांनी अल्डाब्रा नावाच्या दुसऱ्या बेटावरची मोठी कासवं इथे आणून सोडली. कासवांनी फळं खाल्ली, हिंडली, हगली, आणि एबनीची रोपं नव्या जागी उगवायला लागली. ही अल्डाब्राची कासवं तरी का उरली होती? १८७४ मध्ये डार्विन आणि इतर काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं होतं, की ही शेवटची आहेत, यांना वाचवा. त्या पत्राचं फळ सव्वाशे वर्षांनी मिळालं, शब्दशः.

इथेच गुलाबी कबूतर आहे, डोडोचं दूरचं भाऊबंद. १९९०-९१ च्या सुमारास जंगलात अशी फक्त दहा-एक कबुतरं उरली होती. आज पाचशेच्या आसपास आहेत. १९७४ मध्ये मॉरिशसचा छोटा ससाणा तर चारवर आला होता. कार्ल जोन्स नावाचा तरुण वेल्श शास्त्रज्ञ १९७९ मध्ये आला. त्याने आणि त्याच्या सोबतच्या लोकांनी ससाण्याची अंडी काढून उबवली, पिल्लांना हाताने भरवलं. त्या एकाच माणसाचं नाव घेतलं जातं, पण पिंजरे साफ करणारी, रात्री उठून भरवणारी स्थानिक मुलंमुली त्यात शेकड्याने होती.

आणि मग आलं २०२०.

वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज, लांबी सुमारे ३०० मीटर, चीनहून सिंगापूरमार्गे ब्राझीलला निघालं होतं. पोटात माल नाही, पण इंधन जवळपास चार हजार टन. कप्तान भारतीय. कोविडचा काळ, खलाशी बंदरात उतरू शकत नव्हते, घरच्यांशी बोलणं दुर्मिळ. आधी ठरलेल्या मार्गाने जहाज मॉरिशसपासून २२ सागरी मैल दूरून जाणार होतं. तो मार्ग बदलून ५ मैल केला. मग आणखी जवळ, २ मैल. कशासाठी? मोबाइलला रेंज मिळावी म्हणून. जहाजावर त्या संध्याकाळी एकाचा वाढदिवस होता. त्या किनाऱ्याचा पुरेसा तपशीलवार नकाशाही जहाजावर नव्हता, असं नंतर समोर आलं. २५ जुलै २०२० ला वाकाशियो प्वांत देनीसमोर प्रवाळाच्या भिंतीवर चढलं.

ही गोष्ट ऐकताना हातातल्या फोनकडे बघवत नाही, मान्य. पण आठ-दहा महिने घर न बघितलेल्या माणसाने रेंज शोधणं मला समजतं. अख्ख्या जगाची मालवाहतूक चालू ठेवायची आणि ती चालवणाऱ्या माणसाला घरी फोन लावायची सोय द्यायची नाही, हे मात्र समजत नाही.

बारा दिवस जहाज तिथेच होतं. लोक किनाऱ्यावरून बघत होते आणि विचारत होते, तेल उपसून का काढत नाहीत? ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे हजार टन काळं तेल लगूनमध्ये आलं. इल ओ एग्रेत अगदी समोर. तिथल्या कार्यकर्त्यांनी हजारो रोपं बोटीत घालून मुख्य बेटावर हलवली, काही दुर्मिळ पक्षी पिंजऱ्यातून बाहेर काढले. जवळच्या छोट्या बेटांवरच्या दुर्मिळ सापसुरळ्या पुढे थेट युरोपात, जर्सीच्या प्राणीसंग्रहालयात पाठवल्या.

तेल अडवायला तरंगता बांध लागतो, त्याला बूम म्हणतात. देशात पुरेसे बूम नव्हते. सरकार म्हणालं, लोकांनी लांब राहावं, आम्ही बघतो. लोकांनी ऐकलं नाही. माहेबूरच्या किनाऱ्यावर हजारो माणसं जमली. शेतकऱ्यांनी ट्रक भरून काय आणलं? पाचट. ऊस तोडल्यावर शेतात उरतं ते पाचट, आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीत जे सर्रास पेटवून देतात तेच. जाळीच्या कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यात पाचट ठासून भरलं, तरंगायला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या अडकवल्या. केशकर्तनालयांनी केस दिले, तेही भरले. म्हाताऱ्या बायका शिवत होत्या, शाळेतली पोरं भरत होती, कोळी आपल्या होड्यांनी ते पाण्यात ओढून नेत होते. पाचट पाण्यावर तरंगतं आणि तेल शोषतं. असे किलोमीटरच्या किलोमीटर बांध लोकांनी हातांनी केले.

ज्या पिकासाठी इथलं जंगल गेलं, ज्याच्यासाठी या माणसांचे पणजोबा जहाजात घातले गेले, ज्याच्या शेतातली माती इतकी वर्षं लगूनमध्ये वाहत आली, त्याच पिकाचा टाकाऊ भाग घेऊन ही माणसं कंबरभर पाण्यात उभी होती. १८६५ मध्ये अळवाच्या तळ्यात कुणीतरी उतरवलं म्हणून उतरली होती तशी. फरक एवढाच की या वेळी त्यांना कुणी उतरवलं नव्हतं. उलट, उतरू नका असं सांगितलं होतं.

१५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. त्याच सुमारास भारताने तीस टनांहून जास्त सामान आणि तटरक्षक दलाचे दहा जण विमानाने पाठवले. महिन्याच्या शेवटी पन्नासच्या आसपास डॉल्फिनसारखे छोटे देवमासे मरून किनाऱ्याला लागले. ते तेलामुळेच मेले का, यावर अजून वाद आहे. २९ ऑगस्टला पोर्ट लुईत हजारो लोक काळे कपडे घालून रस्त्यावर उतरले. दोन दिवसांनी साफसफाईच्या कामातली एक टगबोट खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि त्यात खलाशी गेले. जहाजाच्या कप्तानाला आणि त्याच्या सहायकाला २०२१ च्या डिसेंबरात वीस महिन्यांची शिक्षा झाली.

तेल वाऱ्याने आणि प्रवाहाने बहुतांशी उत्तरेला, माहेबूर आणि त्याच्या पुढच्या खारफुटीत गेलं. तिथले कोळी कित्येक महिने समुद्रात जाऊ शकले नाहीत. ब्लू बे मोठ्या प्रमाणात वाचला. काही नशिबाने, काही त्या बांधांनी.

म्हणून तुम्ही तिथे पाण्यात तोंड घालून तरंगता तेव्हा ते हजार वर्षांचं पोवळं अजून दिसतं. एक सूचना तेवढी : दमलात तर त्याच्यावर उभे राहू नका, बोयाला धरा. आणि दगडासारखा दिसणारा दगड असेलच असं नाही, तिथे दगडमासा असतो, क्रिओलमध्ये त्याला लाफ म्हणतात, त्याचा काटा भयंकर विषारी. बाहेर आल्यावर माहेबूरच्या बाजारात जा, तिथे एखाद्या काकूंना पाचटाच्या बांधाबद्दल विचारा. सोमवारी मोठा बाजार भरतो. मराठीत बोलून बघायलाही हरकत नाही, उत्तर मिळण्याची शक्यता इथे युरोपपेक्षा बरीच जास्त आहे.

पुढच्या भागात भेटू.